समुद्राचा वास आला नाही

बुधवारी सकाळी पिशवी घेऊन मी दाराबाहेर पाय टाकला आणि समुद्राचा वास आला नाही. झालं ते एवढंच. गल्ली होती तिथेच होती, शेजारच्या अमिंताच्या दोरीवर तिच्या नवऱ्याच्या विजारी वाळत होत्या, ते काचेचे टॉवर आमच्या पत्र्यांवर सावली टाकून उभे होते, फक्त वास नव्हता. आता बोका ला काहात, या आमच्या कोळीवाड्यात, समुद्र आधी नाकाला कळतो आणि मग डोळ्यांना. ओहोटीचं तर विचारूच नका. पाणी पार लांब जातं, काळा चिखल उघडा पडतो आणि त्या टॉवरांतल्या लोकांनी काल काय काय खाल्लं ते थेट आमच्या चुलीपर्यंत येतं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिले कित्येक महिने नाकाला रुमाल लावून स्वयंपाक केला. माझा दीर एलादियो उंबऱ्यात बसून हसायचा. म्हणायचा, "वहिनी, होईल सवय. एक दिवस असा येईल की वास नसला तर तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल." तो दिवस हा असा येईल हे काय त्याला ठाऊक होतं? गल्लीच्या मधोमध उभी राहून मी मास्क खाली ओढला आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखी हवा. पुन्हा घेतला. काही नाही. एलादियोचं दुखणंही असंच सुरू झालं होतं.

तो रोज पहाटे दर्यावरून आला की आधी आमच्याकडे कॉफी प्यायचा, मग स्वतःच्या घरी जायचा. घरी होतं कोण म्हणा त्याच्या. मार्चमधल्या त्या सकाळी कप तोंडाला लावून तो म्हणाला, "वहिनी, हल्ली कॉफी घालतेस का कॉफीत? नुसतं गरम पाणी लागतंय." मी म्हटलं, "फुकटची प्यायची आणि वर नावं ठेवायची, वा रे दीर!" तो हसला. मीही हसले. तेव्हा रेडिओवर अजून कुणी सांगितलं नव्हतं की या आजारात आधी वास जातो. आठवडा उलटायच्या आत त्याला गाडीतून नेलं. जाताना त्याने हात केला, म्हणजे प्लॅस्टिकच्या आतून काहीतरी हललं, तो त्याचा हातच असं मी समजून चालले. पुढे फक्त फोन. फोनवरच्या बाईचा आवाज फार गोड होता, बिचारीने "तुमचे दीर" असं दोनदा म्हटलं आणि मग ती गप्प झाली. पुरायला आमच्यातलं कुणी नव्हतं. कुठल्या रांगेत, कुठल्या मातीत, कुणाच्या शेजारी, काही माहीत नाही. आमच्या अमिंताने दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हळूच विचारलं, "अगं मेल्वा, रागावू नकोस, पण त्याच्या खाटेचा नंबर काय होता गं?"

रागावणार कशाला? माझा धंदाच तो. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी फळीवर तिकिटं टाचून मी लॉटरी विकते, आणि या शहरातला माणूस आपलं स्वप्न बायकोला सांगायच्या आधी मला सांगतो. सापाचं स्वप्न पडलं, कुठला आकडा घेऊ? मेलेल्या आजीने दही मागितलं, काय घेऊ? कुणाची गाडी ठोकली तर आधी पाटीवरचा नंबर बघतात, मग ड्रायव्हरकडे. कुणी मेलं तर खाटेचा, खोलीचा, शववाहिनीचा. त्यात वाईट काही नाही, मेलेला माणूस जाता जाता मागच्यांना काहीतरी देऊन जातो अशी आमची समजूत. पण आजार आला, सोडत बंद झाली, आणि फळी तेव्हापासून भिंतीला टेकून उभी आहे. लोकांना स्वप्नं पडतच असणार, सांगायला कुणी नाही. एलादियोच्या खाटेचा आकडा मला ठाऊक होता. तो खेळायला सोडतच नव्हती. म्हणजे तो काही देता देताच राहिला असं मला सारखं वाटायचं.

तर मी तशीच रांगेत जाऊन उभी राहिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांचे, मंगळवार आणि गुरुवार पुरुषांचे, असा कायदा. ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यावरून तुमचा तास ठरतो. अमिंता माझ्या पुढे होती. मी लांबूनच विचारलं, "तुला वास येतोय का गं?"

"कसला?"

"समुद्राचा."

"बाई, मी मास्कमध्ये व्हिक्स चोपडलंय. मला सख्ख्या नवऱ्याचा वास येत नाही, देवाची कृपा!" मग मागे वळून ती बारीक डोळे करून बघायला लागली. "का? तुला येत नाही?"

"येतोय की," मी म्हटलं. खोटं बोलले. तरी तिने एक पाऊल पुढे सरकून घेतलं, आणि खरं सांगते, मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. दार लोटून घेतलं. कुलांत्रोची, कोथिंबिरीच्या वासाची, पानं बोटांत चुरडली, नाकाशी धरली. आला वास. लसूण ठेचला. आला. रॉकेलचा डबा उघडला, कॉफीचा उघडला, तळून गार झालेल्या केळ्यांच्या चकत्या हुंगल्या. सगळं आलं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पडेना. कारण मला वाटायला लागलं, हे नाक करतंय की डोकं? तीस-पस्तीस वर्षं मी तेच डबे उघडतेय. डोळ्यांना डबा दिसला की नाक आपलं आठवणीतून वास काढून देत असेल. डोळे मिटून बसले तर आईच्या घरचे वाससुद्धा आले: ओल्या गोणपाटाचा, मक्याच्या सालीचा, आजोबांच्या चामडी टोपीच्या आतला. ती टोपी कधीच जळून गेली. म्हणजे नसलेल्या टोपीचा वास येतो आणि असलेल्या समुद्राचा येत नाही. मी तिथे स्टुलावर बसून राहिले. उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून सरकत सरकत माझ्या पायावर आला, आणि त्या पट्ट्यात मला एलादियो दिसला, चिखलात गुडघाभर उतरलेला, पाठमोरा. त्याला मी कधी चिखलात पाहिलं नव्हतं. ते माझ्या नवऱ्याने सांगितलेलं, त्यांच्या लहानपणचं. टॉवर नव्हते तेव्हा हे दोघे भाऊ ओहोटीला चिखलात हात घालून खुबे काढायचे, काळे, मुठीएवढे शिंपले, आणि आई ते भातात शिजवायची. मग टॉवर आले, चिखल सडला, खुबे गेले. माझा नवरा बस चालवायला लागला. एलादियो मात्र होडी घेऊन लांब बेटांच्या पलीकडे जायचा, जिथे पाणी अजून पाणी होतं. "समुद्र मेलाय इथला," नवरा म्हणायचा. "मेला नाही, रुसलाय," एलादियो म्हणायचा. "माणसाने जरा घरात बसावं, मग बघ." माझा नवरा त्यावर इतका हसायचा, इतका हसायचा.

माझा नवरा, दिदिमो. आता खरी भीती त्याची होती, स्वतःची नव्हे. फोन आला त्या दिवसापासून तो खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसला तो बसलाच. बस बंद, काम बंद, ते ठीक. पण त्याचे मंगळवार गुरुवार येत आणि जात, हा उंबरा ओलांडत नसे. कोंबडीचा रस्सा, आमचं सांकोचो, केलं तर दोन चमचे, वाटी बाजूला. मानेचे दोर दिसायला लागले. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे म्हाताऱ्या, निदान खिडकीकडे तोंड तरी कर." तर म्हणाला, "काय बघायचंय? समुद्र गेला. एलादियो गेला. आता माझा नंबर." ज्या बाईने जन्मभर नंबर विकले तिला त्याने असं सांगितलं. आणि आता हे दुखणं मी घरात आणलं असेल तर त्याला काही करावंच लागणार नव्हतं, नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. तो खुशीने बसून राहील हेही मला माहीत होतं.

दुपारी मी दाराच्या फटीतून सांगून टाकलं. "दिदिमो, जवळ येऊ नकोस. मला सकाळपासून समुद्राचा वास येत नाहीये."

खुर्ची करकरली. किती दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता. तो दारात आला, मी ओरडले, "अरे लांब राहा!" पण ऐकेल तर शपथ. चेहरा पांढराफटक. "डोळे मीट," म्हणाला.

"काय?"

"डोळे मीट म्हणतो ना, म्हातारे!"

त्याने माझ्याच रुमालाने माझे डोळे बांधले. मग एकेक गोष्ट माझ्या नाकाशी यायला लागली. "कॉफी," मी म्हटलं. "लसूण. व्हिनेगर. शी! हा तुझा शर्ट, धुवायला का टाकत नाहीस रे?" तो हसला नाही. घरात इकडून तिकडे त्याच्या पावलांचा आवाज येत होता, कपाटं उघडत होती. डोळे बांधलेले असताना आपलं घर केवढं मोठं वाटतं! मला वाटलं आम्ही दोघं लहान आहोत आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला खेळतोय, आणि बाहेर अंगणात बाकीचे थांबलेत, त्यात एलादियोही आहे. मग खूप वेळ काही आलं नाही. मग आलं. मीठ, गंज, ओला दोर. त्याखाली काहीतरी गोडसर, थंड. पहाटेच्या कॉफीबरोबर उंबऱ्यात येणारा वास.

"सांग ना," तो म्हणाला.

"एलादियोची गळाची दोरी."

त्याने रुमाल सोडला. हातात ते दोरीचं भेंडोळं होतं, एलादियोच्या घरातून कधी आणलंन कोण जाणे, खुर्चीखाली लपवून ठेवलं होतं. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. मग तो हळूच म्हणाला, "तुझं नाक ठीक आहे, मेल्वा."

"मग समुद्राचा वास का येत नाही?"

तो खिडकीपाशी गेला, नाक जाळीला लावलं. पण खिडकीत आमच्या चुलीचा धूर बसलेला, तिथे काय कळणार? तो माझ्याकडे वळला. "उद्या गुरुवार ना?" म्हणाला.

"हो."

"माझा दिवस."

रात्रभर मी मनाला बजावलं की फार आशा धरू नकोस. वाराच फिरला असेल. गटारं काय, माणसं घरात बसली म्हणून थांबतात थोडीच? पण टॉवरांची कामं बंद होती, क्रेन माना टाकून उभ्या होत्या, विमानं नव्हती, लाँचींचं तेल नव्हतं, नदीवरच्या कारखान्यांची धुरांडी गार होती. आपण शहाण्यासारखं काही केलं नव्हतं, आपल्याला कोंडलं होतं. तेवढंच पुरलं असेल का? कुणास ठाऊक. मी लॉटरी विकणारी बाई, मला फक्त आकडे लागतात की नाही एवढं कळतं.

गुरुवारी तो गेला. दाढी केली, टोपी घातली, मास्क उलटा लावला तो मी सुलटा केला. त्याचा तास आला आणि संपला. मी दारात उभी. तो आला नाही. आणखी वेळ गेला. समोरून पुरुष येत होते, पिशव्यांत तांदूळ, पाव, पण त्यात दिदिमो नव्हता. आधी मला राग आला, मग तो राग कुठे विरला कळलंच नाही, आणि "आता माझा नंबर" हे त्याचं वाक्य घरभर फिरायला लागलं. मीच पाठवलं त्याला. समुद्राचं नाव काढून मीच खुर्चीतून उठवलं. पाणी तिथे लांब जातं आणि परत येताना घोड्यासारखं येतं, ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. मनात असेल तर माणसाला फार काही करावं लागत नाही. आणि मला जाऊन बघता येत नव्हतं, कारण तो गुरुवार होता. नवरा बुडतोय का ते बघायचं तर शुक्रवारी बघा!

खड्ड्यात गेला तुमचा गुरुवार, मी म्हटलं. त्याची विजार चढवली, कमरेला दोरी बांधली, वरून त्याचा तो न धुतलेला शर्ट, एलादियोची गवती टोपी पार भुवयांपर्यंत ओढली, मास्क लावला आणि निघाले. पुरुषासारखं चालायचं म्हणून पाय फाकवून चालले. दुकानापुढच्या रांगेत सगळे गप्प झाले. मग अमिंताचा नवरा गंभीरपणे म्हणाला, "मेल्वाताई, मिशी घरी विसरलात."

रांग खदखदून हसली. आणि नेमका कोपऱ्यावरचा पोलीस वळला. तरणा होता. "ओ दादा, ओळखपत्र!"

"तो दिदिमोचा मेहुणा आहे, साहेब," अमिंताचा नवरा लगेच म्हणाला. "जन्माचा मुका. दिदिमो चिखलाकडे गेलाय सकाळपासून, त्याला आणायला निघालाय."

पोलिसाने टोपी बघितली, शर्ट बघितला, मग माझ्या चपलेतून डोकावणारी लाल रंगवलेली नखं बघितली. मग तो आकाशाकडे बघायला लागला. "मेहुण्याला सांगा, लवकर परत या," म्हणाला. देव त्याचं भलं करो.

गल्ली संपते तिथे बुटका बांध आहे. त्याच्यावर चढले आणि समोर ओहोटी होती. एवढी ओहोटी मी कधी बघितलीच नव्हती, म्हणजे रोज असेल, पण वास चुकवायला मी मान फिरवूनच जायची. चिखल चकाकत होता. आणि त्या चिखलावर तुतवार पक्षी होते, मूठभर मूठभर जिवाचे, हजारो, इतके की चिखलच बारीक बारीक चालतोय असं वाटावं. ते उत्तरेला निघायच्या आधी खाऊन घेत होते, कुणालाही न घाबरता. पलीकडे पाणकोळी चोचीखालच्या झोळ्या सावरून बसले होते. कुठेही आवाज नव्हता, नुसती चोचींची टिपटिप. मला वाटलं, कुणाचं तरी स्वप्न आहे हे, ज्याला सांगायला मी कोपऱ्यावर नव्हते, म्हणून ते इथे येऊन थांबलंय. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, लांब, एक माणूस पालथा पडला होता.

मी किंचाळले. पक्षी एका बाजूने उठले, आकाशात पांढरे झाले, वळून करडे झाले, परत बसले. माणसाने मान वर केली. तो पडलेला नव्हता. गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात चिखलात घालून तो काहीतरी शोधत होता.

"कोण रे तू?" दिदिमो तिथून ओरडला. "माझा शर्ट घालून हिंडणारा हा दादा कोण?"

एलादियो गेल्यापासून त्याने केलेली ही पहिली थट्टा. मी बांधावर बसले आणि रडले, टोपीत तोंड घालून, मुक्या मेहुण्याला शोभणार नाही अशी मोठ्याने रडले. मग शिव्या दिल्या. मेल्या, जीव गेला माझा, तास संपला, भरती येईल, अक्कल आहे का? तो चिखल तुडवत सावकाश आला. अंगभर काळा, फक्त दात आणि डोळे. त्याने चिखलाने भरलेला हात माझ्यापुढे धरला. "मास्क काढ. वास घे."

मी मास्क काढला, डोळे मिटले. वाटलं होतं नुसती माती असेल. पण मीठ होतं, गंज होता, ओला दोर होता, आणि त्याखाली ते गोडसर, थंड. जो वास हाताला लागावा म्हणून एलादियोला रोज काळोखात होडी काढून बेटांच्या पलीकडे जावं लागायचं, तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता.

"तो म्हणायचा ना," दिदिमो म्हणाला, "माणसाने जरा घरात बसावं." आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. मी त्याच्या चिखलाच्या मानेत तोंड घातलं. मग तो म्हणाला, "सकाळपासून हात घालतोय. हा एकच सापडला."

त्याने दुसरी मूठ उघडली. खुबा होता. काळा, रेघारेघांचा, पण माझ्या अंगठ्याच्या नखाएवढाच. घट्ट मिटलेला.

"भातात घालू?" मी विचारलं. "आज तरी जेवशील?"

"जेवतो ना. पण हा नको." तो बांधाखाली उतरला, चिखलात रुतलेल्या एका ओंडक्याजवळ गुडघ्यावर बसला, हाताने खळगा केला आणि खुबा त्यात ठेवून वरून चिखल लोटला, लहान पोराला पांघरूण घालावं तसा. "पुरता वाढला नाही अजून. पुढच्या वर्षी काढू."

पुढच्या वर्षी. मी बोलले असते तर ते शब्द उडून गेले असते. लांब पाण्याची एक रेघ आमच्याकडे यायला लागली होती.

"उद्या तुझा दिवस ना?" हात विजारीला पुसत तो म्हणाला. "त्या ओंडक्याजवळ आहे, लक्षात ठेव. येऊन बघून जा."